गर्भिणीचा शूल, बीजकोष आणि आपली चिठ्ठी

गर्भिणी स्त्री पोट दुखते म्हणून चिकित्सालयाची पायरी चढते, तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात उत्तर आधीच तयार असते. वाताचा प्रकोप, अजीर्ण, मलावष्टंभ, अथवा वाढत्या गर्भाशयाचा ताण. बहुतांश वेळा हे उत्तर बरोबरही ठरते, आणि वारंवार बरोबर ठरल्यामुळेच ते पुढे विचार करू देत नाही. गर्भावस्थेतील बीजकोषाचे विकार विरळ आहेत हे मान्यच आहे. बीजकोषाला पीळ पडण्याचे प्रमाण नैसर्गिक गर्भधारणेत दहा हजारांमागे दहाहूनही कमी सांगितले जाते. आयुष्यभर व्यवसाय करूनही एखाद्या वैद्याला असा एकच रुग्ण भेटेल, कदाचित एकही भेटणार नाही. परंतु जो भेटेल तो प्रथम आपल्याकडेच येण्याचा संभव अधिक, हे महाराष्ट्रातील वास्तव आहे. म्हणून या विषयावर आपल्या त्रैमासिकात स्पष्टपणे लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते.

आम्ही गुलमंडीत व्यवसाय करतो. छत्रपती संभाजीनगरच्या या जुन्या पेठेत पैठण गेटपासून सिटी चौकापर्यंत कापड, भांडी आणि सराफीची गर्दी असते, आणि त्या गर्दीतच आमचा रुग्णवर्ग असतो. फुलंब्री, पैठण, गंगापूरकडील मंडळी डोहाळजेवणाची साडी घेण्यास येतात आणि त्याच फेरीत सुनेला वैद्यांना दाखवून जातात. सासूबाई सोबत असतात आणि बहुधा त्याच बोलतात. 'आंबट खाल्लं असेल', 'बेंबी सरकली असेल, काल चोळून घेतलं', अशी निदाने रुग्णेच्या तोंडून एक शब्द निघण्यापूर्वीच आपल्यापुढे मांडलेली असतात. अशा वेळी नाडीवर हात ठेवतानाच सासूबाईंना क्षणभर थांबवून रुग्णेला स्वतः बोलते करणे हे निदानाचे पहिले साधन आहे. पीळ पडलेल्या बीजकोषाची कथा बहुधा रुग्णेच्याच शब्दांत दडलेली असते. दुखणे एकाएकी सुरू झाले, एकाच बाजूला आहे, मध्येच थांबते आणि पुन्हा उसळते, आणि उसळले की उलटी होते. गर्भिणीच्या नेहमीच्या छर्दीचा क्रम असा नसतो. तिला आधी मळमळते, वासाने वाढते, सकाळी अधिक असते. शूलाच्या लाटेबरोबर येणारी छर्दी निराळी मानावी.

येथे थोडे शारीर. आपल्या संहितांत बीजकोषाचे आजच्या अर्थाने स्वतंत्र वर्णन सापडत नाही. सुश्रुताचार्यांनी आर्तववह स्रोतसे दोन सांगितली, त्यांचे मूळ गर्भाशय आणि आर्तववाहिनी धमन्या असे सांगितले. यातूनच बीजकोष ओढूनताणून सिद्ध करण्याचा खटाटोप काही मंडळी करतात, तो आम्हांस अनावश्यक वाटतो. आजच्या अभ्यासक्रमात बीजकोषाचे शारीर शिकविले जाते, तेवढे पुरेसे आहे. बीजकोष हा बंधाच्या आधाराने लोंबता असतो. त्यात गाठ वाढली की तो जड होतो आणि आपल्याच देठाभोवती फिरू शकतो. पिळामुळे आधी सिरा दाबल्या जातात, रक्त आत येत राहते परंतु बाहेर पडत नाही, अवयव सुजतो, काळानिळा पडतो आणि शेवटी धमनीही बंद होते. हा सर्व खेळ तासांचा आहे. डाव्या बाजूस आतड्याच्या वळणामुळे जागा कमी असते, त्यामुळे पीळ उजव्या बाजूस अधिक आढळतो. आणि उजव्या बाजूच्या दुखण्याला अपेंडिक्स म्हणून मोकळे होण्याची सवय सर्वच पॅथींना आहे. पहिल्या तिमाहीत आणि दुसरीच्या पूर्वार्धात हा प्रकार अधिक होतो, कारण गर्भाशय वर चढताना बीजकोषालाही आपल्या जागेवरून हलवतो.

गर्भावस्थेत बीजकोषात आढळणाऱ्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, हेही तितकेच लक्षात ठेवले पाहिजे. ज्या बीजकोषातून बीज सुटले तेथे कॉर्पस ल्युटियम तयार होते आणि गर्भाला आरंभीचे काही आठवडे त्याच्याच प्रोजेस्टेरॉनचा आधार असतो. सातव्या ते दहाव्या आठवड्याच्या सुमारास अपरा हे काम आपल्याकडे घेते. हे कॉर्पस ल्युटियम कधी द्रवाने भरून दोन-तीन इंचांची गाठ होते, सोनोग्राफीत दिसते, घरचे घाबरतात, आणि चौदा-सोळा आठवड्यांपर्यंत ती गाठ बहुधा आपोआप नाहीशी होते.

या 'आपोआप' शब्दापाशी आम्हांस थोडे थांबावयाचे आहे, कारण येथे आपल्या व्यवसायाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे. कांचनार गुग्गुळाने किंवा अमुक क्वाथाने गर्भिणीची गाठ विरघळली, असे अनुभव संमेलनांत आणि व्यावसायिक नियतकालिकांत मोठ्या उत्साहाने सांगितले जातात. दहाव्या आठवड्यातील सोनोग्राफी आणि अठराव्या आठवड्यातील सोनोग्राफी शेजारी शेजारी लावली जाते. पहिल्यात गाठ आहे, दुसरीत नाही, टाळ्या होतात. परंतु औषध न घेतलेल्या स्त्रियांच्या गाठीही याच काळात जातात, हे त्या व्यासपीठावर कोणी सांगत नाही. ज्या व्याधीचा स्वभावच उपशमाचा आहे, तेथे औषधाचे श्रेय घेण्यापूर्वी निदान दहादा विचार करावयास हवा. गर्भिणीस गुग्गुळ देण्याविषयी आपल्यातीलच अनेक ज्येष्ठ वैद्य सावध असतात, हा भाग तर वेगळाच. आणि याचे नुकसान केवळ विद्वत्सभेत होत नाही. 'आमच्याकडे गाठ विरघळते' ही ख्याती पेठेत पसरली की डर्मॉइडची गाठ असलेली गर्भिणीही शस्त्रकर्म टाळून आपल्याकडे येते. डर्मॉइड ही गर्भावस्थेत टिकून राहणाऱ्या गाठींतील सर्वांत अधिक आढळणारी गाठ होय. तिच्यात केस, मेद, क्वचित दातही असतात. ती कोणत्याही क्वाथाने विरघळत नाही, आणि पीळ पडण्याची भीती तिच्यात विशेष असते.

गेल्या काही वर्षांत या विषयात आणखी एक भर पडली आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बालिकेचा जन्म झाला, तेव्हा ती वृत्तपत्राच्या पहिल्या पानाची नवलाई होती. आज जिल्ह्याच्या ठिकाणी वंध्यत्व उपचार केंद्रे आहेत आणि २०२१ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदाही झाला. अशा उपचारात बीजकोषाला औषधांनी उत्तेजित केले जाते. काही स्त्रियांत तो प्रमाणाबाहेर उत्तेजित होतो, अनेक गाठींनी फुगतो, पोटात पाणी साठते, मूत्राचे प्रमाण घटते, श्वास लागतो. गर्भ राहिला तर हा प्रकार अधिक वाढतो आणि लांबतो, आणि अशा जड बीजकोषाला पीळ पडण्याचा धोका अनेक पटींनी अधिक असतो. आता आपल्या दृष्टीने विचार करा. फुगलेले पोट, द्रवसंचय, मूत्राल्पता ही लक्षणे पाहून वैद्याच्या मनात जलोदर येणार आणि जलोदरात नित्य विरेचन व मूत्रल औषधे ही आपली परंपरा. येथे मात्र पाणी रक्तवाहिन्यांतूनच बाहेर झिरपलेले असते, रक्त घट्ट झालेले असते, गुठळ्या होण्याची भीती असते. अशा रुग्णेस विरेचन देणे म्हणजे आटत चाललेल्या विहिरीला मोट लावणे होय. आणि ही माहिती रुग्णा आपणहून देईलच असे नाही. कित्येक कुटुंबे हा उपचार शेजाऱ्यांपासून लपवतात, वैद्यापासूनही लपवतात. म्हणून गर्भधारणा उपचाराने झाली का, हा प्रश्न एकांतात आणि हळुवारपणे परंतु निश्चितपणे विचारला पाहिजे.

याच उपचारांमुळे आणखी एक विरळ प्रकार पूर्वीपेक्षा अधिक दिसतो. एक गर्भ गर्भाशयात आणि दुसरा बाहेर. नैसर्गिक गर्भधारणेत तीस हजारांमागे एखादा असा हा प्रकार आहे, कृत्रिम गर्भधारणेत त्याहून बराच अधिक. गर्भ गर्भाशयात दिसला की सर्व निश्चिंत होतात आणि नलिकेतील किंवा बीजकोषातील दुसरा गर्भ नजरेआड राहतो. केवळ बीजकोषात रुजणारा गर्भ तर गर्भाशयाबाहेरील गर्भांतही शेकडा तीनपर्यंतच आढळतो. चक्कर, पांडुता, खांद्यात कळ आणि पोटातील शूल ही लक्षणे एकत्र आली की नाव काय ठेवावे याचा विचार रुग्णवाहिकेत करावा. कॉर्पस ल्युटियम फुटून रक्तस्राव झाला तरी चित्र असेच असते, आणि त्यालाही तीच घाई लागू आहे.

गर्भावस्थेतील ल्युटिओमा हा तर त्याहून विरळ. त्यात बीजकोषात भरीव गाठी होतात, काही स्त्रियांना दाढीमिशा फुटतात, आवाज जाड होतो, आणि प्रसूतीनंतर सर्व ओसरते. केवळ कर्करोगाच्या भयाने अशा स्त्रियांचे बीजकोष काढले गेल्याची उदाहरणे आहेत. सीए-१२५ ही तपासणी गर्भावस्थेत मुळातच वाढलेली असते, त्यामुळे प्रयोगशाळेच्या कागदावरचा लाल आकडा पाहून घरच्यांपुढे कर्करोगाचा उच्चार करू नये, एवढेच येथे सांगतो.

शास्त्राचा आधार घेऊन थांबण्याचा सल्ला देणारे आपल्यात पुष्कळ आहेत, म्हणून शास्त्राकडेच वळू. चरकाचार्यांनी गर्भिणीची तुलना काठोकाठ तेलाने भरलेल्या पात्राशी केली आहे. ते पात्र हिंदकळू नये म्हणून उपचार मृदू असावेत, हा त्याचा अर्थ. परंतु पात्राला तडा गेला असेल तर ते जागेवर ठेवून त्याकडे पाहत बसावे, असा अर्थ त्यातून कसा निघतो? दुसरा आधार रक्तगुल्माचा दिला जातो. रक्तगुल्म गर्भासारखीच लक्षणे दाखवतो, मात्र अवयवांनी न हलता गोळ्यासारखा एकत्र हलतो, शूलासह आणि दीर्घ काळाने हलतो, आणि त्याची चिकित्सा दहावा महिना उलटल्यावर करावी, असे चरकाचे मत आहे. जुना झाल्यावर तो सुखसाध्य होतो असे एक कारण परंपरा देते. गर्भ असल्यास त्यास इजा होऊ नये हे दुसरे कारण कोणाही विचारी माणसास पटेल. सोनोग्राफी नसलेल्या काळात गर्भ आणि गुल्म यांचा निर्णय करण्यास काळाशिवाय दुसरे साधन नव्हते. ज्या आचार्यांनी संदेह आहे तोवर हात थांबवला, त्यांना संदेह अर्ध्या तासात फिटण्याचे साधन मिळाले असते तर त्यांनी दहा महिने वाट पाहिली असती, असे आम्हांस वाटत नाही.

या संदर्भात अमेरिकेतील केंटकी राज्यातील एक प्रसंग नमूद करण्याजोगा आहे. १८०९ च्या डिसेंबरात एफ्रेम मॅकडॉवेल या वैद्याला जेन टॉड क्रॉफर्ड नावाची स्त्री तपासण्यास बोलावले गेले. दिवस भरून गेले तरी प्रसूती होत नाही, जुळे असावे, असा तिच्याकडील वैद्यांचा समज होता. मॅकडॉवेलने तपासून हा गर्भ नव्हे, बीजकोषाची गाठ आहे, असे सांगितले. ती बाई घोड्यावर बसून सुमारे साठ मैल प्रवास करून डॅनव्हिलला आली. भूल देण्याची सोय तेव्हा नव्हती. त्याने बावीस पौंडांहून अधिक वजनाची गाठ काढली, आणि त्यानंतर ती स्त्री तीन दशकांहून अधिक जगली. गर्भ आणि गुल्म यांचा घोळ केवळ आपल्याकडचा नव्हता, आणि तो दहा महिने थांबून नव्हे तर हाताने नीट तपासून सुटला, हे त्यातून ध्यानात येते.

तिसरा आधार मात्र कोणी देत नाही, म्हणून आम्ही देतो. गुल्मचिकित्सेतच, गुल्म पक्व झाला की पुढील क्रियेचा अधिकार धन्वंतरी संप्रदायाच्या वैद्यांचा, असे चरकाने नि:संदिग्धपणे म्हटले आहे. कायचिकित्सेचा एवढा मोठा आचार्य ग्रंथाच्या मध्यभागी लेखणी थांबवून 'येथून पुढे शल्यतंत्र' असे सांगतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. सुश्रुतही मूढगर्भाच्या चिकित्सेपूर्वी अधिपतीची अनुमती घेण्यास सांगतात. म्हणजे धोका कुटुंबाला समजावून सांगणे हा भागही आपल्याच परंपरेतला आहे. चिठ्ठी देऊन रुग्ण पुढे पाठविणे हा आयुर्वेदाचा पराभव आहे, असे मानणाऱ्यांनी हा अध्याय पुन्हा वाचावा.

चिठ्ठीचा विषय निघालाच आहे तर थोडे व्यवहाराचे बोलू. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायदा १९९४ चा, २००३ मध्ये सुधारलेला. त्याखाली गर्भिणीची सोनोग्राफी नोंदणीकृत केंद्रातच होते आणि तेथे भरल्या जाणाऱ्या एफ नमुन्यात रुग्ण कोणी पाठविला त्याचे नाव-पत्ता लिहावा लागतो, चिठ्ठीही जपून ठेवली जाते. या नोंदीच्या धास्तीने काही वैद्य चिठ्ठी देण्याचेच टाळतात आणि 'तुम्हीच कुठेतरी करून घ्या' असे तोंडी सांगतात. हे भय निराधार आहे. कायदा लिंगनिदान करणाऱ्याविरुद्ध आहे, शूलाचे कारण शोधणाऱ्याविरुद्ध नाही. उलट 'एकाएकी उजवीकडे शूल, छर्दीसह, अकरा आठवडे, बीजकोषाला पीळ पडल्याची शंका' एवढी ओळ चिठ्ठीत असेल तर सोनोग्राफी करणारा तज्ज्ञ केवळ गर्भाची धडधड पाहून थांबत नाही, बीजकोषही शोधतो. शूल सुरू झाल्याची वेळ, शेवटचे अन्न-पाणी केव्हा घेतले, आणि आपण काय औषध दिले, हेही लिहावे. डॉपलरमध्ये रक्तप्रवाह दिसला म्हणजे पीळ नाही असे सिद्ध होत नाही, हेही ठाऊक असावे. अहवाल निर्दोष आला आणि शूल तसाच असेल तर रुग्णेला घरी न पाठवता स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवावे.

वेदनाशामकाविषयी आपल्यात दोन टोके आहेत. एकजण शूल झाकला जाईल म्हणून काहीच देत नाही, दुसरा इंजेक्शन देऊन दुखणे थांबले की 'घरी जा, उद्या या' म्हणतो. वेदना शमविण्यात गैर काही नाही. परंतु पीळ मधूनमधून सैल पडतो, तेव्हा शूल औषधाशिवायही थांबतो, आणि अवयव मरू लागला की वेदना काही काळ मंदावतेही. डायक्लोफिनॅकसारखी औषधे गर्भाच्या विसाव्या आठवड्यानंतर टाळावीत, अशी सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये दिली आहे, तीही ध्यानात ठेवावी. अशा संशयित रुग्णेस बस्ती, एरंडतेल, पोटावर मर्दन अथवा शेक यांपैकी काहीही करू नये. चोळून घेऊन आलेल्या रुग्णेला न रागावता तेवढे पुढील चिठ्ठीत नोंदवावे.

काही महिन्यांपूर्वी अकरा आठवड्यांची एक गर्भिणी आमच्याकडे अशाच लक्षणांनी आली होती. चिठ्ठीसह त्याच दुपारी सोनोग्राफी झाली, उजव्या बीजकोषात डर्मॉइड आणि पीळ आढळला, संध्याकाळी दुर्बिणीने शस्त्रकर्म झाले. पीळ सोडवून गाठ काढली, बीजकोष राखला. पूर्वी काळा पडलेला बीजकोष सरसकट काढून टाकीत. आता पीळ सोडवला की काळानिळा बीजकोषही बहुधा सावरतो, हे अनुभवाने मान्य झाले आहे. काढण्याची वेळ आलीच आणि गर्भ दहा आठवड्यांपेक्षा लहान असेल, तर प्रोजेस्टेरॉन बाहेरून द्यावे लागते. आपल्याकडे पुढील गर्भिणी परिचर्येसाठी रुग्णा परत येते तेव्हा हे औषध चालू आहे का, हे विचारणे आपले काम आहे. 'आता आपले सुरू करू, ते बंद करा' असे म्हणू नये.

दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. आपली चिठ्ठी पाहून तोंड वाकडे करणारे लोक पुढे बसलेले असतात. एका रुग्णालयात, नाव घेण्याचे कारण नाही, आम्ही पाठविलेल्या रुग्णेची चिठ्ठी न वाचताच बाजूला टाकली गेली आणि तिला आम्लपित्ताच्या गोळ्या मिळाल्या. तिच्या पतीने रात्री दूरध्वनी केला, आम्ही तिला दुसरीकडे पाठविले. आधुनिक वैद्यकातील मित्रांना आमचे सांगणे एवढेच की चिठ्ठीवरची पदवी नंतर वाचावी, लक्षणे आधी वाचावीत. आणि आपल्या मित्रांना सांगणे असे की अपमान झाला म्हणून पुढची चिठ्ठी लिहिणे सोडू नये. राज्यात २०१४ पासून सुरू झालेल्या १०८ रुग्णवाहिकेत वैद्यकीय अधिकारी म्हणून बहुसंख्येने बी.ए.एम.एस. पदवीधरच बसलेले आहेत. म्हणजे खेड्यातील गर्भिणीचा शूल आधी आपल्यातील एका वैद्याकडे येतो, मग वाहनातील दुसऱ्या वैद्याकडे जातो, आणि त्यानंतरच घाटी रुग्णालयाच्या दारात पोहोचतो. या साखळीत दोन कड्या आपल्याच आहेत.

गुलमंडीतून घाटी जवळ आहे, गर्दी नसेल तर रिक्षाने पंधरा मिनिटांत पोहोचता येते. सोयगाव किंवा कन्नडच्या डोंगराकडील गावांतून तसे नाही. म्हणून तेथील वैद्यबंधूंनी दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात होणाऱ्या तपासणीस आपल्याकडील प्रत्येक गर्भिणीला पाठवावे. पहिल्या तिमाहीच्या सोनोग्राफीत गाठ आढळली तर तिचे मोजमाप आपल्या केसपेपरवर लिहून ठेवावे, सोळाव्या आठवड्यानंतर ती राहिली आहे का ते पुन्हा पाहून घ्यावे. राहिली असेल तर शस्त्रकर्माचा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञाने दुसऱ्या तिमाहीत शांतपणे घ्यावा, मध्यरात्री नव्हे. प्रसूतीनंतर गर्भाशय झपाट्याने आकुंचन पावतो, तेव्हा जागा मोकळी होऊन टिकून राहिलेल्या गाठीला पुन्हा पीळ पडू शकतो. त्यामुळे सूतिकेचा शूल मक्कल्लात मोजण्यापूर्वी तिचा जुना केसपेपर एकदा उघडून पाहावा.